मंडीदीपचा ठिपका

मालतीने बॅगेत हात घातला आणि एक काळा बूट बाहेर काढला. कारखान्यात घालतात तसला, पुढे लोखंड बसवलेला, जड. तिचे केस ओले होते आणि अंगावर सोवळ्याची साडी होती. तिने बूट दोन बोटांत धरून लांब फरशीवर ठेवला, आणि पुन्हा हात घातला. दुसरा बूट निघाला. मग दोन पँट्स, एक टॉवेल, जेवणाचा डबा आणि संत्रा बर्फीचा खोका.

"अहो," ती म्हणाली. "इकडे या."

विलास चहाचा कप घेऊनच आला. रात्रभर बसमध्ये बसून त्याचे डोळे लाल झाले होते.

"ही आपली बॅग नाही."

"करडीच आहे की."

"करडी आहे. आपली नाही."

विलासने कप खिडकीत ठेवला. नागपूरहून निघताना त्याने स्वतः बॅग बसच्या डिकीत ठेवली होती. सकाळी भोपाळला उतरला तेव्हा डिकीत एकच करडी बॅग उरली होती. ती त्याने उचलली, रिक्षात घातली आणि तिथल्याच कोटऱ्याला घरी आणली. उघडून पाहायचं त्याला सुचलं नाही. देवाची वस्तू, आंघोळ केल्याशिवाय हात कसा लावायचा.

बॅगेत महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे होते. चार पिढ्या ते थोरल्या घरातून हलले नव्हते. मालतीच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. दर भाद्रपदात ती नागपूरला जायची, थोरल्या जावेच्या, वसुधावहिनींच्या घरी राबायची आणि परत यायची. या वर्षी वहिनींचा खुबा मोडला. पाच दिवस विचार करून त्यांनी फोनवर सांगितलं, "घेऊन जा. या वर्षापुरत्या." मालतीने त्या दिवशी बाहेरच्या खोलीला रंग दिला होता.

आज आवाहन. अनुराधा नक्षत्र सव्वापाचपर्यंत. त्याच्या आत महालक्ष्म्या घरात यायला हव्यात.

"आता मला पुन्हा आंघोळ करावी लागणार," मालती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण विलास भिंतीकडे सरकला.

"टॅग आहे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"ओंकारने दिलेला. मुखवट्यांच्या लाल कापडातच बांधलाय मी. म्हटलं, बॅग हरवली तरी चालेल, या हरवायला नकोत."

मुलाने, ओंकारने, पुण्याहून ते चार टॅग पाठवले होते, कोटाच्या बटणाएवढे, पांढरे. एक विलासच्या किल्ल्यांना होता, एक पाकिटात, एक चष्म्याच्या डबीत. हरवणारा घरात एकच माणूस आणि टॅग चार, असं मालती तेव्हा म्हणाली होती. विलासने फोन उघडला. नकाशा आला, फिरला, थांबला. त्यावर एक निळा ठिपका होता. मंडीदीप. शेवटचं दिसलं, बावन्न मिनिटांपूर्वी.

"भोपाळच्या अलीकडे मंडीदीपला बस थांबते," विलास हळूच म्हणाला. "तिथे कुणीतरी आपली उचलली."

त्याने ओंकारला फोन लावला.

"बाबा, त्या टॅगला स्वतःचं इंटरनेट नसतं. जवळून कुणाचा फोन गेला की तो फोन सांगतो, इथे आहे म्हणून."

"आणि कुणी गेलंच नाही तर?"

"मग नाही कळत."

"म्हणजे देव आपले आणि भरवसा रस्त्याने जाणाऱ्यांचा," मालती मागून म्हणाली.

"आई, तुम्ही स्पीकरवर ठेवलंय का?"

"ठेवलंय. आधी हे सांग, बावन्न मिनिटं झाली तरी कोणी गेलं कसं नाही? मंडीदीप काय ओसाड पडलंय?"

"लोखंडाच्या पेटीबिटीत ठेवलं असेल तर सिग्नल अडतो, आई. जवळ गेलात की आवाज काढायचं बटण आहे. दाबा, टॅग वाजेल."

ट्रॅव्हल्सच्या कचेरीचा फोन साडेनऊपासून लागत नव्हता. साडेदहाला दोघं रिक्षात बसली. पाऊस थांबला होता, रस्ते चिखलाचे होते. पुलाखाली ट्रकांच्या रांगेत पाऊण तास गेला. तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"आल्या का गं नीट?"

मालतीने समोरच्या ट्रकच्या मागच्या फळीकडे पाहिलं.

"आल्या," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर विलास काही बोलणार होता. तिने हात वर केला.

मंडीदीपला रिक्षावाल्याने वेग कमी केला.

"अंकल, जाना कहाँ है?"

"ये जो नीला बिंदु है ना, यहाँ."

रिक्षावाल्याने फोन हातात घेऊन जवळून पाहिला, लांबून पाहिला.

"अंकल, ये तो नाला है."

नालाच होता. काठावर दोन म्हशी आणि एक पडका फलक. मालती उतरली, चिखलातून काठापर्यंत गेली आणि पाण्यात वाकून पाहून आली. तेवढ्यात ठिपका हलला आणि एका कारखान्याच्या फाटकाशी गेला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने नकाशा पाहिला, रजिस्टर पाहिलं आणि पुन्हा नकाशा पाहिला.

"माताजी, अंदर तो गत्ते के डिब्बे बनते हैं." पुठ्ठ्याचे खोके.

मग दीड तास ठिपका जागचा हलला नाही. विलास दर दोन मिनिटांनी फोन हलवून पाहायचा, जसं थर्मामीटर झटकतात. रिक्षावाला कंटाळून दुसरी सवारी घेऊन निघून गेला. दोघांनी एका टपरीवर चहा घेतला. विलासने बिस्किटाचा पुडा पुढे केला, मालतीने तो परत सरकवला. तिचा आज उपास नव्हता.

"तुम्ही बॅगेवर नाव का नाही घातलंत?"

"टॅग होता ना."

"नाव घालायला काय लागतं? खडूनेसुद्धा घालता येतं."

"टॅग होता म्हणूनच नाही घातलं, मालती."

तिने ग्लास ठेवला आणि चालू लागली.

अडीच वाजता ठिपका पुन्हा सरकला. आता तो कारखान्याच्या मागच्या बाजूला, कामगारांच्या खोल्यांवर होता. एकाला एक लागून वीस-बावीस दारं, पुढे अरुंद गल्ली, दोरीवर वाळत घातलेले कपडे. ठिपक्याखाली निदान आठ घरं येत होती. विलासने बटण दाबलं. 'कनेक्ट होत आहे' असं आलं आणि गेलं. त्याने पुन्हा दाबलं.

"द्या इकडे."

मालतीने फोन घेतला. आरतीचं निरांजन धरावं तसा तो समोर धरून ती एकेका दाराशी थांबत गेली. पहिल्या दाराशी काही नाही. दुसऱ्या दाराशी एक म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. तिसऱ्याला कुलूप होतं. चौथ्या दाराशी तिने बटण दाबलं, आणि आत कुठेतरी खोल, दाबल्यासारखा, चिमणीच्या पिलासारखा आवाज आला.

आतल्या बायकांनी एकदम गलका केला.

"बोली! सुना तुमने? देवी बोली!"

"हाथ जोड़ो, हाथ जोड़ो!"

मालती न विचारता आत शिरली.

समोरच्या भिंतीशी गव्हाच्या दोन पत्र्याच्या कोठ्या ठेवल्या होत्या. त्यांना साड्या नेसवल्या होत्या, एक हिरवी, एक मोतिया. आणि वर ते दोन मुखवटे. शेजारच्या तीन-चार बायका हात जोडून बसल्या होत्या. कोठीजवळ तिशीची एक बाई तोंडात टाचण्या धरून उभी होती. मालतीच्या हातातला फोन बघताच तिने टाचण्या हातात काढल्या.

"तुम्ही नागपूरच्या बसमधल्या का?"

"कुणाला विचारून उभ्या केल्या या?" मालतीचा आवाज चढला. "आमच्या आहेत. चार पिढ्यांच्या. दुसऱ्याच्या देवाला हात लावायचा म्हणजे काय समजता तुम्ही?"

"काकू, बॅग बदलली. यांना घरी आल्यावर कळलं."

"कळलं ना? मग झाकून ठेवायच्या होत्या पिशवीत."

त्या बाईने मालतीकडे नीट पाहिलं.

"आजच्या दिवशी?" ती म्हणाली. "आजच्या दिवशी पिशवीत कोंडून ठेवू त्यांना?"

मालतीला जास्तच राग आला.

"फोन करायचा."

"कोणाला करू? बॅगेवर ना नाव, ना नंबर."

मालतीने मागे वळून विलासकडे पाहिलं. विलास पंख्याकडे बघत होता.

"मग तुझा नवरा काय करतोय?"

"तुम्हालाच शोधायला गेले ना. भोपाळला, बसच्या ऑफिसात. सकाळपासून उपाशी आहेत." तिने खाली वाकून कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि गव्हातून तो पांढरा टॅग काढला. तो अजून चिवचिवत होता. "हा लाल कापडात बांधलेला होता. मला वाटलं, तुमच्या घरची रीत असन. आमच्या माहेरी पोटात सुपारी ठेवतात. म्हणून गव्हात ठेवला."

विलासच्या नाकातून हसू निसटलं. मालतीने पाहताच ते थांबलं. त्याने टॅग घेतला आणि रिक्षा बघतो म्हणून बाहेर गेला.

"नाव काय तुझं?"

"रजनी."

"किती वाजता आत घेतल्यास?"

"नाही घेतल्या अजून. नुसत्या नेसवून ठेवल्या. हे आले की आवाहन करणार होतो." ती हिरव्या साडीकडे वळली. "न्यायच्या तर आत्ता न्या, काकू. एकदा आत घेतल्या की तीन दिवस हलवता नाही येत."

तिने खांद्यावरची पहिली टाचणी काढली आणि ओठांत धरली. मग दुसरी. ती घाई करत नव्हती आणि रेंगाळतही नव्हती. शेजारणींतली एक म्हणाली, "अरे, ले जा रहे हैं क्या?"

मालती बघत उभी राहिली. साडीच्या निऱ्या बोटभर रुंद होत्या, सगळ्या सारख्या, जणू फूटपट्टी लावून घेतलेल्या. गोल गुळगुळीत पत्र्यावर त्या कशा ठरल्या होत्या कोण जाणे.

"हे कुठे शिकलीस?"

"आर्वीला. आईजवळ. दरवर्षी मीच नेसवायची." टाचण्यांमुळे तिचे शब्द अर्धे येत होते. "यांच्याकडे नाहीत महालक्ष्म्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, हात नाही लागला. सकाळी ते कापड सोडलं आणि..." तिने पदराला हात लावला. मग विचारलं, "तुमच्याकडे मोठीचा पदर कोणत्या खांद्यावर घेतात? मी डाव्या घेतला. चुकलं असन तर सांगा."

मालतीने तोंड उघडलं.

अडतीस वर्षं. दरवर्षी आवाहनाच्या वेळी ती स्वयंपाकघरात असायची. पुरण गॅसवर असायचं, त्याच्यापासून हलून चालायचं नाही. बाहेर घंटा वाजायची, ताट वाजायचं, वहिनींचा आणि त्यांच्या सुनांचा आवाज यायचा. हात धुऊन ती बाहेर येईपर्यंत महालक्ष्म्या नेसून, दागिने घालून उभ्या असायच्या. सगळे पाहुणे बघतात तसं तिनेही त्यांना समोरूनच बघितलं होतं.

"डाव्याच," ती म्हणाली.

रजनीने मान डोलावली.

"मला माहीत नाही," मालती म्हणाली.

रजनीचा हात टाचणीवर थांबला.

बाहेरून विलासची हाक आली. "मिळाली गं! दहा मिनिटांत येतोय म्हणाला. सव्वातीन झालेत, आरामात पोचू."

रजनीने थोरलीचा मुखवटा दोन्ही हातांनी उचलला, लाल कापडावर ठेवला आणि मालतीच्या हातात दिला. तो वाटला होता त्याहून जड होता, आणि गार. नाकाचं टोक घासून घासून झिजलं होतं. चिंचेने घासतात तो, दरवर्षी, कुणीतरी. मालतीने अंगठा त्या नाकावरून फिरवला. मग ती वळली. शेजारणींनी पाय आखडून वाट दिली.

ती दाराबाहेर आली, गल्लीत उतरली. विलास पुढे झाला.

"आण, मी धरतो. दुसरी कुठे आहे?"

मालतीने मुखवटा त्याच्या हातात दिला नाही. तिने पायातली चप्पल सोडायला पाय हलवले, तेव्हा लक्षात आलं की बाहेर येताना चप्पल घातलेलीच नव्हती. ती फिरली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

"रजनी," तिने हाक मारली. "त्या टाचण्या परत लाव. आणि पायावर घालायला पाणी आण."

"अगं, रिक्षा येतेय," विलास म्हणाला.

"थांबला तर थांबू दे."

"आणि आपलं घर? तू तर बाहेरच्या खोलीला..."

"तुम्ही जरा बाजूला व्हा. वाटेत उभे आहात."

आत भांड्यांचा आवाज झाला. कुणीतरी ताट शोधत होतं, कुणीतरी चमचा. रजनी तांब्या घेऊन दारात आली. तिने वाकून मालतीच्या चिखलाने भरलेल्या पायांवर पाणी घातलं, एकदा घालून भागलं नाही म्हणून पुन्हा घातलं. मग ती आत सरकली आणि पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. तिच्या ओठांत अजून एक टाचणी होती. ती तिने काढली.

"विचार," मालती म्हणाली.

"कोण आलं?"

"महालक्ष्म्या आल्या," मालतीने सांगितलं. ताटाच्या आवाजात ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. तिने थांबून श्वास घेतला आणि पुन्हा, मोठ्याने सांगितलं.