निखाऱ्याला ब्लॉक केल्यावर

नदीकाठची वस्ती पाडावी की नाही, यावरून शहराच्या चर्चागटात फिजिओथेरपीवाल्या बाईंची ‘निखारा’ नावाच्या कुणाशी तरी चांगलीच जुंपली. बाई वस्तीच्या बाजूने लिहायच्या आणि तो लगेच खाली हजर: ‘भावना राहू द्या, पुरावा द्या.’ कधी शिवी दिली नाही, पण पिच्छाही सोडला नाही. वैतागून बाईंनी त्याला ब्लॉक केलं.

“सुंठीवाचून खोकला गेला,” नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये नणंदेचा फोन आला. “वहिनी, त्या निखाऱ्याच्या पोस्टखाली तुझ्या क्लिनिकच्या दाराचा फोटो आहे गं. लिहिलंय, ‘ही इथे सापडते.’”

बाईंनी गट उघडून पाहिला. ब्लॉक केल्यामुळे त्यांना काहीच दिसेना. साऱ्या शहराला दिसत होतं, फक्त त्यांनाच नाही.

रिसेप्शनवरची मुलगी जेवायला गेली असताना एक नवा पेशंट आला. पन्नाशीचा, मान आखडलेला. बाईंनी त्याला पालथं झोपवलं आणि मानेवर बोटं टेकवली.

“रोज शेक घ्या. फरक पडेल.”

“पुरावा द्या,” तो सवयीने पुटपुटला.

बाईंची बोटं थिजली. फोटोच्या धास्तीने दाराला आतून कडी त्यांनीच लावली होती.

तो सावकाश उठून बसला. “घाबरू नका बाई. मीच तो. पण फोटो माझा नाही.”

“मग कुणाचा?” बाई दाराकडे सरकत म्हणाल्या.

“वस्ती पाडा म्हणणारी, माझ्याच बाजूची पोरं आहेत. काढून टाका म्हटलं, तर मलाच फितूर ठरवलं. त्यांनी आज इथे यायचं ठरवलंय. तुम्हाला कळवणार कसं? तुम्ही मला ब्लॉक केलंत.”

“आणि मान?”

“ती खरंच आखडलीय हो.”

बाहेर मोटरसायकली थांबल्या. कुणीतरी हसलं. मग दारावर थाप पडली. बाईंनी पोलिसांना फोन लावून गटातल्या फोटोचं सांगितलं.

“कोण त्रास देतंय? ब्लॉक करा ना त्याला,” पलीकडून आवाज आला.

“ते दारात उभे आहेत!”

दुसरी थाप पडली तेव्हा निखारा उठला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. बाहेरून कुणीतरी ओरडलं, “काका, तुमचे बूट दिसतायत बाहेर!”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तो जागचा हलला नाही.

पोलिसांची गाडी आली तोवर दाराशेजारची काच फुटली होती आणि मोटरसायकली पसार झाल्या होत्या. चौकीत तक्रार देताना निखाऱ्याने साक्षीदार म्हणून स्वतःचं खरं नाव सांगितलं.

“आता ते माझ्याही दारात येतील,” बाहेर येऊन तो म्हणाला.

बाईंना त्याला धीर द्यायचा होता. पण तेवढ्यात रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली आणि दोघंही एकदम भिंतीला चिकटले.