इतरासाठी राखलेली खुर्ची

गावात शिरताना डाव्या हाताला एक पत्र्याचा फलक होता आणि गावातली माणसं कोणत्या वंशाची ते त्यावर रंगवलेलं होतं. वरचे ९४१, खालचे ८१२, पलीकडचे ३५३, इतर १. वरचे म्हणजे ज्यांचे पूर्वज डोंगरावरून उतरले ते, खालचे म्हणजे जे नदीकाठाने आले ते, आणि पलीकडचे म्हणजे पूल बांधून झाल्यावर आरामात चालत आले ते. तिघांची नाकं सारखी, भांडणं सारखी, उधळपट्टीही सारखी. पण आपण कोण हे सांगताना प्रत्येकाची मान अशी ताठ व्हायची की शिंपी गळ्याचं माप मुद्दाम अर्धा इंच सैल धरायचा.

हा इतर एक कोण, ते मात्र दहा वर्षांत कुणालाच कळलं नव्हतं. पहिल्या वर्षी गावाने त्याला शोधण्याचा सपाटा लावला. दुसऱ्या वर्षी गावाला स्वतःचीच लाज वाटली. एकुलता एक माणूस, त्याला काय वाटत असेल! मग नगराध्यक्षांनी सभागृहात पहिल्या रांगेत एक खुर्ची राखून ठेवली, तिच्यावर निळी गादी घातली आणि पाठीला चिठ्ठी लावली, ‘इतरासाठी’. त्या खुर्चीवर कधीच कुणी बसलं नाही. सभेला उशीर झालेली माणसं भिंतीला टेकून पाय मोडून घेत, पण खुर्चीकडे ढुंकूनही बघत नसत. बसलो आणि लोकांनी भलतंच धरलं तर?

भिंतीला टेकून उभं राहणाऱ्यांत दर वेळी मोजणीबाई असायच्या. नगर कचेरीत त्या बावीस वर्षं नोंदी ठेवत होत्या आणि दहा वर्षांपूर्वीची शिरगणतीही त्यांनीच केली होती. गावात त्यांचं नाव घेऊन लोक घड्याळं लावत. आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे नजर गेली की या बाई झटकन मान वळवायच्या, कारण इतर नावाचा माणूस गावात नव्हताच. तो बाईंनी लिहिला होता.

झालं होतं असं. दवाखान्याच्या नोंदवहीप्रमाणे गावात माणसं होती २१०७ आणि बाईंच्या बेरजेत आली २१०६. बाईंनी तीनदा बेरीज केली. बोटांवर केली, पाटीवर केली, शेवटी वाटाणे मांडून केली. एक माणूस काही सापडेना. बाहेर जिल्ह्याची गाडी भोंगा वाजवून वाजवून सगळी गल्ली गोळा करत होती. बाईंनी डोळे मिटले, शेवटच्या रिकाम्या रकान्यात एक लिहिला आणि कागद देऊन टाकला. आयुष्यातली पहिली लबाडी, आणि ती पत्र्यावर रंगवून गावात येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली गेली. नशीब म्हणतात ते हेच.

यंदा पुन्हा शिरगणती आली आणि सोबत एक पत्र आलं. प्रत्येक आकड्यामागे नाव हवं. कोणत्या वंशाचा हे ज्याने त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं, दुसऱ्याने ठरवू नये. शुक्रवारी तपासणीला साहेब येतील, आणि मागची नोंद खोटी निघाली तर नोंद करणाऱ्याला घरी बसवण्यात येईल. पत्र वाचून बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब पहिल्यांदा काय विचारणार हे त्यांना लख्ख दिसत होतं. हा इतर एक कुठाय? बोलवा त्याला.

बाई दारोदार फिरू लागल्या. नियम असा की गणकाने उंबऱ्याबाहेर उभं राहून आतल्यांची नावं विचारायची, आणि बाई नियमाबाहेर पाऊल टाकणाऱ्यांतल्या नव्हेत. दर घरी त्या आशेने विचारत, ‘‘तुम्ही यांच्यापैकी कुणीच नाही, असं तर नाही ना?’’ आणि दर घरी लोक दुखावल्यासारखे बघत.

फक्त न्हावी खूश झाला. दहा वर्षं गावाचा संशय मुख्यतः त्याच्यावर होता, कारण तो गिऱ्हाइकाशी बोलत नसे आणि न बोलणारा न्हावी कुणी पाहिला नव्हता. संशयामुळे लोक त्याच्याशी फार जपून वागत. नळावर त्याला पहिला नंबर, दुकानात त्याच्यासाठी ताजा पाव.

‘‘मला लिहा ना इतर,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘तसाही दहा वर्षं आहेच की मी.’’

‘‘तुमचे पणजोबा नदीकाठचे. आजोबा नदीत पोहायचे. तुम्ही परवा तिथेच घसरून पडलात.’’

‘‘पण तुम्हाला एक माणूस हवाय, असं दिसतंय तुमच्या चेहऱ्यावरून.’’

बाईंना क्षणभर मोह झाला. मग त्यांनी मनात गणित मांडलं आणि मोह उतरला. न्हाव्याला इतरात घातलं की खालच्यांत एक कमी. बेरीज जिथली तिथेच. कुणालाही उचला, मागे भोक राहणारच. मुळात एक माणूसच कमी पडत होता, आणि यंदाही गुरुवारी दुपारी आकडा कमीच निघाला. दवाखाना म्हणतो २२३०, बाई म्हणतात २२२८. बरोबर दोन कमी. पण त्यांचं स्वतःचं घर मोजायचं राहिलं होतं आणि घरात दोन माणसं, म्हणजे २२३० पुरे होणार! बाईंचा जीव भांड्यात पडला. इतर मिळाला नाही तरी निदान बेरीज जुळेल, आणि मागचा इतर वारला असं साहेबांना सांगता येईल.

मग त्यांना आठवलं की गावातच दिलेली नणंद यादीत दोनदा आली आहे. एकदा तिच्या घरी आणि एकदा शेजारच्या घरी, कारण ती गप्पा मारत तिथे बसली होती. एक वजा. म्हणजे शेवटी २२२९. बाईंना रडू कोसळायचं बाकी राहिलं.

स्वतःच्या दारी येऊन त्यांनी बेल वाजवली. नियम म्हणजे नियम. सासूबाईंनी दार उघडलं.

‘‘कोण पाहिजे?’’

‘‘आई, मीच आहे. शिरगणती.’’

‘‘मागच्या खेपेलाही अशीच उभी होतीस. विचार काय ते.’’

बाईंनी उंबऱ्याबाहेरून विचारलं. सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, पलीकडच्या. मुलगा, म्हणजे बाईंचे यजमान, धंदा शिंपीकाम, पलीकडचे. बाईंनी खाली रेघ मारली आणि मटकन उंबऱ्यावर बसल्या. दहा वर्षं पोटात ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. लबाडी, गाडी, वाटाणे, उद्याचे साहेब.

सासूबाईंनी शांतपणे चहा ओतला. ‘‘कप किती आहेत?’’

‘‘तीन.’’

‘‘आणि तू लिहिलीस किती? दोन. तिसरा चहा काय मांजर पिणार आहे?’’

शिलाई यंत्रावरून यजमान न बघताच म्हणाले, ‘‘अगं, मी गावभराची मापं घेतो, पण माझ्या सदऱ्याचं माप तूच घेतेस ना? स्वतःचं घेताच येत नाही.’’

बाई आ वासून बघत राहिल्या. दोन्ही खेपेला त्यांनी झाडून सगळ्यांना विचारलं होतं. त्यांना मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

‘‘दे इकडे पेन,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘मी विचारते. तू आत ये, उंबऱ्याबाहेर मी उभी राहते. नाव माहीत आहे. वय तू चोरणार, ते मी लिहिते. आता सांग, कोणत्यातली?’’

इथे बाई अडखळल्या. आई वरची, बाप खालचा. वरच्यांच्या लग्नात मावश्या म्हणत, ही त्यांच्यातली. खालच्यांच्या पंगतीत आत्या म्हणत, ही त्यांच्यातली. लग्न करून पलीकडच्यांत आल्या, तर इथे बावीस वर्षं ऐकत होत्या, सून चांगली आहे हो, पण आपल्यातली नव्हे. सर्वांत मोठ्याने हे वाक्य म्हणणारी व्यक्ती आत्ता पेन घेऊन समोर उभी होती.

सासूबाईंनाही ते आठवलं असावं. त्या जरा खाकरल्या. ‘‘पलीकडची लिहू का? मी लिहिलं तर कुणाची हिंमत नाही खोडायची.’’

बाईंचे डोळे भरून आले. ही एवढी गोष्ट ऐकायला त्या किती वर्षं थांबल्या होत्या! पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

‘‘नको आई. इतर लिहा. खरंच तीच आहे मी.’’

सासूबाईंनी लिहिलं. लबाडी खरी निघाली होती, बेरीज जुळली होती. पण सासूबाईंनी पेन सुनेपुढे धरलं.

‘‘आता माझ्या नावापुढचं पलीकडची खोड आणि तिथेही इतर लिही.’’

‘‘अहो पण आई, तुम्ही तर सात पिढ्यांच्या...’’

‘‘नियम काय आहे? ज्याने त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी सांगते आहे. एवढ्या मोठ्या रकान्यात तू एकटी काय करशील?’’

शुक्रवारी साहेबांनी नावं तपासली, बेरीज तपासली, चहा घेतला आणि गेले. नावं गुप्त ठेवायची असतात, म्हणून फलकावर फक्त आकडे रंगले. वरचे ९८८, खालचे ८६१, पलीकडचे ३७९, इतर २. गाव हादरलं. आता हा दुसरा कोण? वाटेकरी आला म्हणून न्हाव्याने दोन दिवस दुकान बंद ठेवलं.

रविवारच्या सभेत पहिल्या रांगेत दोन खुर्च्या होत्या, दोन्हींवर नवी निळी गादी. सभागृह गच्च भरलं होतं. सासूबाई काठी टेकत सरळ पुढे गेल्या आणि पहिल्या खुर्चीवर बसल्या.

नगराध्यक्ष लगबगीने खाली आले. ‘‘आजी, गुडघे दुखत असतील, मी समजू शकतो. पण या खुर्च्या राखीव आहेत.’’

‘‘वाचता येतं मला,’’ सासूबाई म्हणाल्या. मग मागे वळून त्यांनी भिंतीला टेकलेल्या सुनेला हाक मारली आणि शेजारच्या गादीवर हात आपटला. ‘‘अगं, ये की! दहा वर्षं उभी आहेस, पाय दुखत नाहीत का?’’