काकूचा गाल

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात, खळ्यावर पसरलेल्या धानाच्या पिवळ्याधमक पसाऱ्यात एक बारीकसा आवाज उमटायचा, कट्. काकूच्या दाताखाली दाणा फुटल्याचा. कोंढा गावातल्या आमच्या घरात धान पोत्यात भरायचं की अजून वाळवायचं, ते त्या आवाजावर ठरे. काका अख्ख्या गावाशी वाद घालतील, पण तिच्या त्या दाण्यापुढे गप्प.

मग तिच्या उजव्या गालात ती कळ शिरली. वाऱ्याची झुळूक, भाताचा मऊ घास, पदराची किनार, कशाचंही निमित्त होई आणि जबड्यापासून डोळ्यापर्यंत विजेचा लोळ जाई. गोळ्यांनी आधी आराम पडला, पुढे नुसती गुंगी आली, शेवटी काहीच होईना. अशी सहा वर्षं. तरी ही बाई दाणा चावायचीच, डोळे मिटून, खांब धरून कळ ओसरू द्यायची आणि शांत स्वरात सांगायची, "आखीन दोन दिवस ऊन दाखवा." मला तिचा भारी राग यायचा, आणि अभिमानही तितकाच.

नागपूरच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. गालातून सुई घालून दुखरी नस जाळायची. सोपं काम, पण गाल बधिर होणार. नाहीतर कानामागे कवटी उघडून, त्या नसेवर ठोके देणारी रक्तवाहिनी बाजूला सारायची आणि मध्ये इवलीशी गादी ठेवायची. गाल जिवंत राहील, पण साठीत जिवाला धोका, निदान कानाला.

"सुईच बरी," काका म्हणाले. "कायले जिवाशी खेळून राहिली?"

काकूनं पदर गालापासून दूर धरला. "दुखते म्हणून गालच देऊन टाकू का? मले माहा गाल पाहिजे."

शस्त्रक्रिया चालली तितका वेळ काका बाहेरच्या बाकावर बसून होते.

तिसऱ्या दिवशी काकू खिडकीतल्या वाऱ्याकडे तोंड करून बसली होती, कळेची वाट पाहत. कळ आली नाही. उजवा कान तेवढा गेला होता. मी भीत भीत तिच्या गालावर तळवा टेकवला आणि डाव्या कानाशी वाकून विचारलं, "समजते का, काकू?"

"समजते ना. थंडा हाय तुहा हात." आणि तो हात तिनं सोडला नाही.

सहा वर्षं आम्ही तिच्यावर चार बोटं लांबूनच माया केली होती. न झालेल्या स्पर्शांची आठवण मनाला कुठून असणार? दर वेळी तिच्या गालाजवळून मागे फिरलेल्या माझ्या हाताला मात्र ती आहे.