धार असलेले विळे

मी धार लावायचा दगड बोलतोय. हसा खुशाल! दगडाला काय कळतंय, असं तुम्हाला वाटत असेल. पण साठ वर्षं माणसं माझ्यासमोर बसून जे बोलली, ते सगळं माझ्या पोटात आहे.

आबांनी मला ओढ्यातून खांद्यावर वाहून आणलं, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. लग्न नुकतंच झालेलं. त्यांची बायको दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लग्नानंतर पहिली वस्तू आणलीत, तीही दगड!" मग तिनेच मला दाराशी बसवलं, शेजारी पाण्याचं मडकं ठेवलं आणि सगळ्यांत आधी स्वतःची सुरी घासून घेतली.

तेव्हापासून गावातलं प्रत्येक पातं माझ्यावरून गेलं. कापणीच्या दिवसांत तर सकाळपासून रांग लागायची. आबा धार कानाने ओळखायचे. "खरखर थांबून सूं असा आवाज आला की पुरे," म्हणायचे. तो येईपर्यंत कुणालाही उठू द्यायचे नाहीत. तेवढ्यात सोयरिका जमायच्या, बांधाची भांडणं मिटायची. माझी पाठ मात्र मधोमध खोलगट होत गेली.

गेल्या वर्षी आबांची बायको गेली. आबांनी बोलणंच सोडलं. शेत वाट्याने दिलेलं, कापणीला यंत्र येतं. मला वाटलं, संपलं आता आपलं.

पण आठवड्याभरात शेजारच्या काकू विळा घेऊन आल्या. पातं टेकताच मी ओळखलं, अरे, याला तर धार आहे! मग सुतार पटाशी घेऊन आला, तीही लखलखीत. गुरुजींना तर शेतच नाही, ते पेन्सिलीचा चाकू घेऊन आले! रोज कुणी ना कुणी. मला आधी रागच आला. उगाच माझी सालटी कशाला काढता? आबा मात्र कान देऊन बसायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं घास."

मग एक दिवस लेक शहरातून आली, ती आबांना न्यायलाच. तिने त्यांची पिशवी भरली.

"इथे तुमच्याकडे बघायला आहे कोण, आबा?"

आबांनी उठून माझ्या शेजारचं मडकं पाण्याने भरून ठेवलं.

सकाळी काकू नेहमीप्रमाणे हजर. लेक याच अंगणात वाढलेली. तिने विळा घेऊन पात्यावर अलगद अंगठा ठेवला.

"काकू, याला तर धार आहे."

"हो का? बाई गं, लक्षातच नाही आलं!"

मागोमाग सुतार आला, गुरुजी आले. लेकीने पटाशी बघितली, चाकू बघितला आणि आबांकडे वळली.

"आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"साठ वर्षं ऐकतोय मी," आबा म्हणाले. "पण सांगितलं असतं, तर ही मंडळी दुसऱ्या दिवशी कुठल्या निमित्ताने आली असती?"

लेक रडली, मग हसली. आत जाऊन तिने पिशवी रिकामी केली. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

आता ती दर महिन्याला येते, येताना घरातल्या सगळ्या सुऱ्या घेऊन येते. एकीलाही धार लावायची गरज नसते. मी पार पातळ झालोय, एक दिवस मोडेन. मोडू दे.

तुम्हीही कधी इकडून गेलात तर या. कात्री, चाकू, काहीही आणा. धार आहे की नाही, मी कुणाला सांगणार नाही.