तिसरं गळू

आंध्रातल्या मंगलगिरीच्या विणकर आळीत कुणाला गळू झालं, की तो आधी भ्रमरम्माच्या दाराशी जायचा. बाईच्या हाताला गुण होता, हे तिचे वैरीसुद्धा कबूल करत. आणि तिखट जिभेपायी तिने वैरी भरपूर जमवले होते. गळू दाबायचं नाही, सुईनं टोचायचं नाही, दिवसातून चार वेळा गरम फडक्यानं शेकायचं, त्याला आपसूक तोंड पडू द्यायचं आणि मग धुऊन स्वच्छ पट्टीनं झाकायचं, ही तिची शिस्त. "पिळलंस तर माझ्या पायरीवर पाऊल ठेवू नकोस," असा दम ती थोरामोठ्यांनाही भरायची. इथवर तिचं काही म्हणजे काही चुकत नव्हतं.

चुकत होतं ते याच्या पुढे. गळू म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडते, असं तिचं पक्कं मत, आणि उष्णतेवर उतारा म्हणजे पानकम. गूळ, मिरी, वेलदोडा घातलेलं माठातलं पाणी ती रोग्याला तांब्या तांब्यानं पाजायची.

त्या उन्हाळ्यात गळवांनी तिच्याच घरात मुक्काम ठोकला. नवरा कोटय्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर साड्या विणायचा. पहिलं गळू त्याच्या मांडीला झालं, दुसरं काखेत, आणि दोन्ही तिने शेकून बरी केली. पण कोटय्याची तहान काही भागेना. तासातासाला तो खड्ड्यातून उठून मोरीकडे पळायचा. गाल बसले, सदरा अंगावर लोंबायला लागला. मोरीत मुंग्यांची रांग लागायची आणि भ्रमरम्मा लेकीवर खेकसायची, "शिरीषा, गूळ कुठं कुठं सांडतेस गं?"

शेजारचा सांबय्या खिदळायचा. "कोटन्ना, साडी विणतोयस की मोरीला प्रदक्षिणा घालतोयस?"

"उष्णता झालीये त्यांना, दात काय काढतोस!" असं म्हणून भ्रमरम्मा आणखी एक तांब्या भरायची. कोटय्या तांब्याकडे बघायचा, मग तिच्याकडे बघायचा, आणि एका दमात पिऊन टाकायचा.

तिसरं गळू मानेवर उठलं. सहा दिवस तिने शेक दिला, तरी त्याला तोंड पडेना. सूज मात्र तळहाताएवढी झाली, लाल आणि कडक. सातव्या दिवशी सकाळी तिने फडकं सोडलं आणि ती जागच्या जागी थिजली. एक तोंड नव्हतं, सात-आठ होती. चाळणीला असतात तशी भोकं, आणि प्रत्येकातून पू येत होता. काळपुळी! लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेला शब्द तिला आठवला. कोटय्याचं अंग तापलं होतं, तो नसलेल्या मागावरचे धागे मोजत होता.

"आणखी एक दिवस शेकते," ती पुटपुटली.

"अम्मा, बास!" शिरीषा एवढ्या जोरात ओरडली की सांबय्या धावत आला. "रिक्षा बोलावलीये मी."

दवाखान्यातली डॉक्टरीण तिशीचीही नसेल. तिने कोटय्याला पालथं झोपवलं, मान बघितली, बोटातून रक्ताचा थेंब घेतला.

"मी दाबलं नाही, फोडलं नाही," भ्रमरम्माने विचारायच्या आतच सांगून टाकलं. "नुसता शेक दिला."

"ते चांगलंच केलंत, अक्का. याआधी कधी झालं होतं?"

"दोन महिन्यांत दोनदा."

"मग तेव्हाच आणायचं होतं. लागोपाठ गळवं होतात, ताप येतो, सूज पसरते, तेव्हा घरी शेकत बसायचं नसतं." तिने यंत्रावरचा आकडा बघितला, मग पुन्हा बघितला. "पाचशे बारा साखर! खायला-प्यायला काय देता यांना?"

"उष्णतेचं काहीच नाही," भ्रमरम्मा अभिमानाने म्हणाली. "उलट रोज पाच-सहा तांबे पानकम पाजते. चांगलं घट्ट गुळाचं."

डॉक्टरणीने यंत्र बाजूला ठेवलं.

"अक्का, यांना मधुमेह आहे. ती तहान, ते सारखं उठणं, ही गळवं, सगळं त्याचंच. आणि त्यावर तुम्ही रोज गूळ पाजत होतात."

भ्रमरम्माने भिंत धरली. मोरीतल्या मुंग्या सांडलेल्या गुळाला नाही, त्याच्या लघवीतल्या साखरेला येत होत्या, हे तिला आता कळलं. आपल्या हातांनी, आपल्या हातांनी, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

"साखर आधी कधी तपासली होती?"

"छे, त्यांना कधी काही झालेलंच नाही," भ्रमरम्मा म्हणाली.

"दोन वर्षांमागं." उशीत तोंड खुपसलेला कोटय्या मधेच भानावर येऊन बोलला. "विणकर सोसायटीच्या तपासणी शिबिरात. तेव्हा दोनशे ऐंशी होती."

भ्रमरम्मा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. पंचवीस वर्षं ज्याची पाठ चोळली, तो माणूस हाच का, असं तिला वाटलं.

"ठाऊक होतं तुम्हाला?"

"पोरीचं पहिलं स्थळ मोडलं ते तिच्या आत्याला शुगर म्हणून. बापालाही आहे म्हटल्यावर कोण येणार होतं दारात? आता कुठं जमलंय."

"माझ्या लग्नासाठी, नान्ना?" शिरीषा खाटेशी आली.

"आणि पानकम?" भ्रमरम्माचा आवाज फुटला. "ते तरी नको म्हणायचं होतं! एकदा तरी!"

"नको म्हटलं असतं तर तू कारण विचारलं असतंस. तुझ्यापुढं माझं खोटं कधी टिकलंय गं? त्यापेक्षा प्यायलेलं बरं."

त्याच्या थोबाडीत मारावी आणि त्याच क्षणी त्याचं डोकं मांडीवर घ्यावं, असं तिला झालं. दोन्ही राहून गेलं. डॉक्टरीण घाईत होती. "पू आत्ताच काढावा लागेल. विष रक्तात भिनायला लागलंय. वाचतीलच असं मी आज सांगणार नाही."

मानेवरचं सडलेलं मांस काढलं तेव्हा मुठीएवढा खड्डा पडला. दोन दिवस कोटय्या शुद्धीत आहे की नाही तेच कळत नव्हतं. भ्रमरम्मा बाकावर बसून होती. आळीतल्या बायका भेटायला यायच्या, तिच्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. तिला एवढी गप्प कुणी कधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कोटय्याने डोळे उघडले, ओठांवरून जीभ फिरवली.

"तहान लागलीये."

तिने खाटेजवळच्या जगमधलं पाणी पेल्यात ओतलं. पेला त्याच्या ओठांपर्यंत नेला आणि तिचा हात थांबला. ती उठली. पेला दोन्ही हातांत धरून वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला, शिरीषाएवढ्याच एका नर्ससमोर जाऊन उभी राहिली.

"पोरी," ती म्हणाली, "हे नुसतं पाणी आहे. देऊ ना त्यांना?"