पाठमोरी आंबील

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, आंबिलीची घागर घरातल्या कर्त्या पुरुषानं डोक्यावर घेऊन रानापर्यंत पायी न्यायची, हा मुरुमच्या चन्नबसप्पांच्या घरातला नियम. वडिलांमागं त्यांनी तो कधी मोडला नव्हता. ज्यांची आंबील मोटारसायकलवरून जाते, अशा निम्म्या गावाला नावं ठेवायचं कामही त्यांनी नेमानं केलं होतं. यंदा मात्र उजव्या गुडघ्यानं ऐन सणात असहकार पुकारला.

मुलगा उमाशंकर म्हणाला, अप्पा, गाडीवर बसा. त्यांनी डोक्यावरची चुंबळ वळायला घेतली. मग तो चाचरत म्हणाला, तर मग घागर मी घेतो. चन्नबसप्पांनी घागर जवळ ओढली. आज घागर गेली की कर्तेपण गेलं. पुढच्या साली आपल्याला रानातल्या कडब्याच्या कोपीत तक्क्याला टेकवून, राखण म्हणून बसवतील, हे त्यांना लख्ख दिसलं.

नात महेश्वरी उमरग्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकायची. ती म्हणाली, "अज्जा, याला डॉग्मा म्हणतात."

हा गुडघ्याचाच काही प्रकार असावा असं समजून त्यांनी औषध विचारलं.

महेश्वरीनं समजावलं. विचारायचं नाही, फक्त पाळायचं, असं मत म्हणजे डॉग्मा. शब्द ग्रीकांचा. मुळात त्यात नुसतं 'वाटणं' होतं. मोठ्या माणसाला काहीतरी वाटलं, वाटलं म्हणून ठरलं, आणि ठरल्याचा पुढं हुकूम झाला.

"आमच्या अप्पांना वाटत नसायचं," चन्नबसप्पा म्हणाले. "ते सांगायचे."

ओसरीवर शेंगा सोलत बसलेल्या थोरल्या बहिणीनं, पार्वतम्मानं, मान वर केली.

"काय सांगायचे रे चन्ना? त्या साली बैल लंगडत व्हता, गाडी जुंपायची कशी? अप्पा म्हनले, मला वाटतंय यंदा चालतच जावं. फुडच्या साली बैल बरा झाला, पर तू घागर उचलून आधीच वाटंला लागलेला. लई हौस तुला. मग अप्पा बी गप बसले."

चन्नबसप्पा गुडघा चोळू लागले. मग नवी कवळी बसवून बघावी तसं एकेक अक्षर जपून म्हणाले, "मला वाटतंय, गाडीवर बसून बघावं."

घागर मांडीवर घेतली तर ती उमाशंकरच्या पाठीला बोचू लागली. शेवटी चन्नबसप्पा उलटे बसले, पाठीला पाठ लावून. गाडी बैलाच्या चालीनं निघाली. बाजारपेठेतली माणसं मागं पडल्यावर त्यांना दिसायची, आणि ते प्रत्येकाला डोळ्यांनीच रामराम घालायचे. इतकं गाव त्यांनी पायी जाताना कधी बघितलं नव्हतं.

पूजा झाली, ज्वारीवर आंबील शिंपडून झाली. शेजारच्या रानातला शंभू भज्जी, म्हणजे सणाची मिसळभाजी, खायला आला आणि त्यानं विचारलं, "काका, उलटं का बसला व्हता?"

"आंबिलीनं घराकडं तोंड करूनच निघायचं असतं," चन्नबसप्पा म्हणाले. "आमच्यात तशीच रीत हाय."

शंभूनं मान डोलावली आणि बायकोला हे नीट ध्यानात ठेवायला सांगितलं. महेश्वरीनं बोलायला तोंड उघडलं, तर पार्वतम्मानं त्यात बाजरीच्या पिठाचा वाफवलेला अख्खा उंडा कोंबला.