हिरव्या बोयाजवळची तबकडी

बंदरातल्या फिटरला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी माझा जन्म झाला. त्या दोघी पाळण्यात आल्या आणि पाठोपाठ मी त्यांच्या बापाच्या ऐरणीवर आले. त्यामुळे तो मला आपली तिसरी मुलगी म्हणत असे, आणि तिघींत रात्री न रडणारी ही एकटीच, असेही वर सांगत असे.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी तबकडी आहे. आकाराने जेवणाच्या ताटाएवढी. एका मोडीत निघालेल्या बॉयलरच्या दारातून फिटरने मला कापून काढले, कडा घासल्या, मधोमध भोक पाडले आणि माझे चार भाग करून दोन पांढरे व दोन काळे रंगवले. जुळ्यांमुळे त्याची झोप झालेली नसे. म्हणून माझा एक पांढरा भाग बाकीच्यांपेक्षा थोडा मोठा झाला आहे. पोटाखाली शिशाचे वजन आणि वर लांब दोरी. दोरीला सारख्या अंतरावर लाल फडकी शिवलेली. झाले, मी कामाला तयार!

माझे काम ऐकून तुम्हाला हसू येईल. मला पाण्यात सोडायचे आणि मी दिसेनाशी होईपर्यंत खाली जाऊ द्यायचे. किती फडकी बुडाली ते पाहायचे. पाणी स्वच्छ असेल तर मी खोलवर दिसते. गढूळ असेल तर लगेच नाहीशी होते. माझ्यासोबत पाण्याचा गढूळपणा मोजणारे एक विजेचे यंत्रही असे. आमचे कधी भांडण झाले नाही. ते आकडा सांगे, मी डोळ्यांना दाखवी.

त्या काळी आमच्या बंदराच्या तोंडाशी इतका गाळ साचला होता की मोठी जहाजे बाहेरच्या बाहेर दुसरीकडे वळत. मग गाळ उपसणारे एक अवाढव्य जहाज आले. त्याला परवानगी मिळाली ती एका अटीवर. रोज पाणी मोजायचे, आणि उपसलेल्या गाळाने पाणी ठरलेल्या मर्यादेबाहेर गढूळ झाले तर काम तिथल्या तिथे थांबवायचे. मोजायला एक बाई नेमल्या. सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. होडी होती फिटरच्या थोरल्या भावाची. तिच्यात दाटीवाटीने चार माणसे मावत, पण मालकाला सारे बंदर कप्तान म्हणे आणि तेही मान डोलावून सलाम घेत.

या दोघा भावांची थोरली बहीण म्हणजे आत्या. खरे तर त्या फक्त जुळ्यांच्या आत्या, पण हळूहळू साऱ्या बंदराच्याच आत्या झाल्या. आत खाडीत त्यांची कालवांची शेती होती. कालव म्हणजे शिंपल्यात राहणारा जीव. बांबूचा मांडव पाण्यात उभा करायचा, त्यावरून जुन्या शिंपल्यांच्या माळा सोडायच्या, आणि कालवांची इवलीशी पिल्ले येऊन त्या शिंपल्यांना चिकटायची वाट पाहायची. आदल्या हंगामात वादळाने अर्धा मांडव नेला होता. आत्यांनी हिमतीने तो पुन्हा उभा केला होता. "या खेपेला पिल्लं धरली नाहीत," त्या म्हणत, "तर मांडव मोडायचा आणि भावाच्या दारात जाऊन बसायचं. भाऊ चांगला आहे. पण दार त्याचं आहे." एकटीच्या कष्टाने आयुष्यभर स्वतःचे घर चालवलेल्या बाईला याहून मोठी भीती नसते.

मोजणीबाईंनी कामाची पद्धत नेटकी बसवली होती. जहाजाच्या समुद्राकडच्या बाजूला एक बोया, म्हणजे खुणेचे तरंगते पिंप, नांगरून ठेवला होता, खाडीकडच्या बाजूला दुसरा. उपसलेला गाळ ओहोटीबरोबर समुद्राकडे जातो, म्हणून बाहेरचा बोया लाल रंगवला, म्हणजे 'कामाचे पाणी'. आतला हिरवा, म्हणजे 'स्वच्छ पाणी'. रोज दोन्हीकडे मोजायचे. लालजवळचे पाणी हिरव्याजवळच्या पाण्यापेक्षा फारच गढूळ निघाले तर काम बंद.

महिने गेले. काम एकदाही बंद करावे लागले नाही. कधी कधी तर लाल बोयाजवळचे पाणी हिरव्याजवळच्या पाण्यापेक्षा नितळ निघे! जहाजाचे प्रमुख मिशीला पीळ देत म्हणत, "आमचं जहाज गाळ काढतं, आणि वर पाणी धुऊन देतं!" अशा दिवशी हिरव्याजवळ मी चटकन नाहीशी होई, आणि मोजणीबाई म्हणत, "आज खाडीतूनच गढूळ पाणी आलेलं दिसतंय." मी काय बोलणार? मला तोंड नव्हते. मी फक्त दिसेनाशी होऊ शकत होते.

एके दिवशी आत्या मोजणीबाईंच्या खोलीत आल्या आणि ओली माळ त्यांनी सरळ टेबलावर ठेवली. शिंपल्यांवर मऊ, करड्या गाळाचा थर होता.

"हे बघ गं पोरी."

"आत्या, माझे सगळे आकडे नियमात आहेत हो. पुन्हा पुन्हा तपासलेत."

"तुझे आकडे नियमात आणि माझी पिल्लं मातीत. दोघांपैकी कुणीतरी एक खोटं बोलतंय. आणि पिल्लांना तर तोंडच उघडता येईना."

मोजणीबाई रागावल्या नाहीत. माळ त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवली. आत्या गेल्यावर त्यांनी तपासनिसांना फोन केला. "तुमची फेरी पुढच्या महिन्यात आहे, पण लवकर या. पाणी कुठेतरी मुरतंय, आणि मला ते दिसत नाहीये."

तपासनीस म्हणजे मोजणी नीट होते की नाही हे पाहणारा माणूस. कप्तान म्हणत, "बाई पाण्याचा गढूळपणा मोजतात, आणि हे साहेब बाईंचा." ते उंच, किडकिडीत गृहस्थ होते. डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी. आणि एवढी वर्षे हेच काम करूनही होडी हलली की त्यांच्या पोटात कालवाकालव होई.

आम्ही निघालो तेव्हा भरती नुकतीच लागली होती.

"साहेब, पाण्याकडे बघू नका. काठाकडे बघा," कप्तान म्हणाले.

"काठ हलतोय हो!"

"काठ कशाला हलेल? तुम्ही हलताय."

तपासनीस होडीच्या कडेवरून वाकले आणि तेवढ्यात वाऱ्याने त्यांची टोपी उडवली. वारा समुद्राकडे वाहत होता. टोपी लाल बोयाच्या दिशेने जाऊन पडली.

"माझी टोपी!"

"जाऊ द्या. समुद्रालाही ऊन लागतं."

"अहो, बायकोनं दिलीय. टोपीशिवाय घरी गेलो तर माझीच तपासणी होईल!"

कप्तानांनी हसत होडी वळवली. पण टोपी जागेवर थांबेना. भिजून जड झाली तशी ती पाण्यात अर्धी बुडाली, वाऱ्याला न जुमानता वळली, गाळ-जहाजाच्या बाजूने निघाली, आणि संथपणे, जणू घरी परतावी तशी, हिरव्या बोयाकडे चालू लागली. तिच्यासोबत पाण्यावर एक तपकिरी पट्टा चालला होता.

तपासनीस टोपीकडे पाहत होते. मोजणीबाई त्या पट्ट्याकडे. त्या होडीत उभ्या राहिल्या. "कप्तान, टोपी राहू द्या. हिरव्या बोयाला लावा."

"पण साहेबांची..."

"ती तिकडेच येतेय. तेच तर! गाळही तिकडेच येतोय."

मला हिरव्या बोयाजवळ सोडले. पहिले फडके भिजते न भिजते तोच मी नाहीशी झाले. मला पुन्हा सोडले, पुन्हा तेच. यंत्राचा आकडाही तेच सांगत होता. मग होडी लाल बोयाच्याही पुढे, समुद्राकडे गेली. तिथे एकामागून एक फडकी पाण्याखाली जात राहिली, आणि वरून तिघांचे वाकलेले चेहरे मला दिसत राहिले. तपासनीस तर पोटातले सारे विसरून होडीत पालथे पडले होते आणि ओरडत होते, "दिसतेय! अजून दिसतेय!"

तेव्हा सगळे उलगडले. मी खोटे बोलत नव्हते, यंत्रही खोटे बोलत नव्हते. ओहोटीला गाळ बाहेर जाऊन उघड्या समुद्रात विरळ होई, तेव्हा बोयांचे रंग बरोबर असत. पण भरती लागली की तोच गाळ आत, खाडीकडे वळे. मग हिरवा बोया गाळात आणि लाल बोया स्वच्छ पाण्यात! पाणी रोज उलटत होते, बोयांवरचा रंग मात्र उलटत नव्हता. आम्ही गाळाला स्वच्छ पाणी म्हणत होतो, आणि त्याच गाळाच्या वाटेवर पुढे आत्यांचा मांडव होता.

मोजणीबाईंचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग त्यांनी रेडिओ उचलला. "जहाज, काम थांबवा."

"का म्हणून?" प्रमुखांचा आवाज आला. "सकाळी तर सगळं नियमात होतं."

"सकाळी ओहोटी होती."

"बाई, मोठं जहाज यायची तारीख ठरलीय. तुमची तबकडी बुडाली म्हणून मी माझं काम बुडवू?"

"बोये मी रंगवून घेतले, तेव्हा चूक माझी. पण काम थांबवायचा अधिकारही माझाच आहे. थांबवा."

मग गाळ-जहाजाची घरघर मंदावली आणि बंद पडली. कुठेतरी लांब पक्षी ओरडत होते, तेही ऐकू येऊ लागले.

"मी तुमची चूक लिहिणार," तपासनीस म्हणाले.

"लिहाच."

"आणि ती तुम्हीच पकडली, हेही लिहिणार."

"आणि टोपीचं काय?" परतताना पाण्यातून टोपी उचलत कप्तानांनी विचारले. "तिचं नाव कुठेच नाही?"

त्या दिवसापासून पद्धत बदलली. दोन्ही बोये पांढरे रंगवले. मोजायला निघाले की आधी पाण्यात एक लाकडी तरंगता ठोकळा सोडायचा, तो कुठे जातो ते पाहायचे, आणि मगच कोणत्या बाजूला काय मोजायचे ते ठरवायचे. या रीतीला नाव पडले 'टोपी टाकणे'. तिसरी मोजणी आत्यांच्या मांडवापाशी सुरू झाली. गाळ अडवणारा जाड कापडी पडदा जहाजाभोवती पाण्यात नीट सोडला, आणि भरतीच्या वेळी उपसणे बंद ठेवून तेवढ्यात जहाजाची दुरुस्ती-देखभाल होऊ लागली. प्रमुख आठवडाभर फुगून बसले होते. पण वेळच्या वेळी तेलपाणी झाल्याने त्यांची यंत्रे पूर्वीसारखी मध्येच बंद पडेनात, आणि काम मागे राहण्याऐवजी पुढे सरकले. मग रोज सकाळी तेच रेडिओवरून विचारू लागले, "काय बाई, टोपी टाकली का?"

पण आत्यांचा हंगाम निम्मा सरला होता. त्यांनी प्रत्येक माळ उपसून धुतली आणि पुन्हा सोडली. आम्ही रोज त्यांच्या मांडवाशी जात होतो. तिथे मी दिवसेंदिवस खोल दिसू लागले. तरीही आत्या माळ वर ओढायला धजत नव्हत्या. "पाणी निवळलेलं दिसतंय गं," त्या मोजणीबाईंना म्हणायच्या, "पण पिल्लांना ते कळलंय का, कोण जाणे."

शेवटी एका सकाळी त्यांनी माळ ओढली आणि अशी किंकाळी फोडली की कप्तान पाण्यात पडता पडता वाचले.

"काय झालं ताई? काय चावलं?"

"अरे, धरली! धरली रे! ही बघ!"

प्रत्येक शिंपल्यावर नखाएवढी, पांढुरकी पिल्ले दाटीवाटीने चिकटली होती. दुसरी माळ ओढली, तिसरी ओढली. सगळ्या भरलेल्या! आत्यांनी मोजणीबाईंना ओल्या हातांनीच मिठी मारली. बाईंच्या पाठीवर चिखलाचे दोन पंजे उमटले. ते कपडे त्यांनी दिवसभर बदलले नाहीत.

बंदराचे तोंडही ठरल्या तारखेच्या आधीच मोकळे झाले. पहिले मोठे जहाज आत आले तेव्हा धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कप्तानांनी मला घासूनपुसून आपल्या होडीच्या डोलकाठीला बांधले. डोंगराएवढ्या जहाजाच्या बाजूने आमची चार माणसांची होडी चालली होती. आत्या पुढे उभ्या राहून हात हलवत होत्या, आणि गाळ-जहाजाच्या प्रमुखांनी आमच्यासाठी लांबलचक भोंगा वाजवला. मित्रांनो, जिचे सारे आयुष्य दिसेनासे होण्यात गेले, ती मी त्या दिवशी साऱ्या बंदराला दिसत होते! पुढे दुसऱ्या बंदरांतले लोक आमची पद्धत शिकायला आले आणि आपापल्या बंदरांत टोपी टाकू लागले.

मग मी म्हातारी झाले. आता बोयांवरच यंत्रे बसवली आहेत. ती भरती-ओहोटी ओळखतात आणि रात्रंदिवस आकडे पाठवतात. फार चांगले काम करतात. मी काही वर्षे रंगाच्या पिंपावर झाकण म्हणून पडून होते. सध्या गोदामाच्या भिंतीवर टांगलेली आहे. एका बाजूला गंज चढला आहे आणि दोरी उंदरांनी कुरतडली आहे.

माझी तक्रार नाही, फक्त विनंती आहे. वर्षातून एकदा माझा गंज खरवडा, रंगाचा हात द्या आणि मला पाण्यात सोडा. यंत्रांसोबत आपल्या डोळ्यांनीही पाणी पाहा. आणि कशाचीही राखण करायला निघालात, तर त्यावर लावलेला रंग पाहून निश्चिंत होऊ नका. पाणी आज कुठल्या दिशेने चालले आहे, ते आधी बघा. कुणी गाळाने माखलेली माळ तुमच्यासमोर ठेवली, तर तिला आकडे ऐकवण्याआधी ती माळ हातात घ्या.

आत्यांचा मांडव त्यानंतर दरवर्षी भरला. भावाच्या दारात त्या गेल्या त्या पाहुणी म्हणूनच. मागच्या वर्षी, कालवे उतरवून झाल्यावर पंधरवड्याने, आत्या दुपारी आपल्या स्वतःच्या घरात वारल्या.